मंगळवारचा बाजार, बुधवारची तारीख

दगडोबा बुरकुलेनं पहिल्या भेटीत मला चार मिनिटांत आरोपी केलं. पोलिसांना एवढ्याच कामाला निदान एक पंचनामा लागतो.

भोकरच्या पलीकडं, डोंगराच्या कुशीत एक तालुक्याचं गाव आहे. नाव सांगत नाही, कारण तिथल्या वकिलांना अब्रूनुकसानीचे दावे ठोकायला वेळच वेळ आहे. लातूरहून तीन एसट्या बदलून मी तिथं पोचलो होतो. अंगाला घाम, डोक्यावर विस्कटलेले केस, हातात फाईल. कोर्टाच्या आवारातल्या कडुलिंबाखाली टेकणार, तेवढ्यात एक आरोळी आली. ती अशी की झाडावरचे कावळे उडाले, झेरॉक्सचं मशीन आपोआप सुरू झालं आणि आत म्हणे एका साक्षीदारानं घाबरून खरं सांगून टाकलं.

"ओ मामा! पाठ ताठ! हात मागं! खाली कामून बघालाव? खाली बघलं की साहेबाला वाटतं, यानंच केलं!"

मी पाठ ताठ केली. पन्नाशीचा, बुटका, पिळदार मिशांचा माणूस पिशवीतून कंगवा काढत माझ्याकडं आला आणि त्यानं माझा भांग पाडला. माझ्या बायकोनंही लग्नाच्या तेवीस वर्षांत हे केलेलं नाही.

"नाव पुकारलं की 'हाजर' म्हणायचं. 'व्हय', 'आलो', 'काय हो' म्हणायचं न्हाई. 'गुन्हा कबूल हाय का' असं इचारलं तर?"

"तर?" मी विचारलं.

"तर 'न्हाई'. आन् खोटं बोलायचं न्हाई. जे झालं तेच सांगायचं, न झालेलं सांगायचं न्हाई. कोण्या वाडीचे तुमी? केस लाकडाची का मोहाची?"

"अहो, मी मूल्यमापनाला आलोय. लातूरहून. शरणप्पांनी पाठवलंय."

दगडोबानं दोन पावलं मागं सरून मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "असं होय," तो म्हणाला, "मग तं तुमाला जास्त सांभाळावं लागंल."

शरणप्पा माझा कॉलेजातला मित्र. लातुरात त्याची संस्था आहे, आणि त्या संस्थेनं पुण्याच्या देणगीदारांच्या जिवावर या गावात 'आदिवासी न्याय सहाय्य केंद्र' उघडलं होतं. केंद्र म्हणजे एक खोली, एक टेबल आणि दगडोबा. खोलीला पत्रे होते, टेबलाला तीन पाय होते, त्यामुळं एकूण कामाचा भार दगडोबावरच होता. डोंगरातल्या पंधरा वाड्यांमधले आंध, कोलाम, गोंड लोक कोर्टात आले की त्यांना आत न्यायचं, काय चाललंय ते समजावायचं, वकिलाला भेटवायचं आणि पुढच्या तारखेला परत आणायचं हे त्याचं काम. तीन वर्षं झाली होती. पुढची तीन वर्षं देणगी द्यायची की नाही हे माझ्या अहवालावर ठरणार होतं. मी कॉलेजात समाजशास्त्र शिकवतो. कोर्टाचा माझा अनुभव दोन घरांच्या मधल्या भिंतीच्या दाव्यापुरता. पण शरणप्पाच्या मते तेच माझं भांडवल होतं. "तुला काहीच माहीत नाही, म्हणजे तू तटस्थ आहेस."

दगडोबा स्वतः आंध. शाळा आठवीपर्यंत. कोलामी त्याला एवढीच येई की ती ऐकून कोलाम हसत. पण हसले की त्यांची भीती जाई, म्हणून त्यानं ती कधी सुधारली नाही. केंद्रामागं दोन बाजा उभ्या करून त्यानं साक्षीदाराचा पिंजरा बनवला होता. त्यात तो माणसाला उभा करी आणि स्वतः सरकारी वकील होई. खरा सरकारी वकील त्या मानानं गरीब गाय निघे. त्याच्या पिशवीत कंगवा, खोबरेल, पार्लेचे पुडे आणि निळ्या पट्ट्यांचा एक धुतलेला शर्ट असे. ज्याचा सदरा फाटका त्याला तो शर्ट. एका महिन्यात तो शर्ट अकरा आरोपींच्या अंगावर कोर्टात हजर झाला, तेव्हा आधीचे न्यायाधीश म्हणाले होते, "हा शर्ट फार गुन्हे करतो." दगडोबानं हे वाक्य मला चार वेळा सांगितलं, चारही वेळा प्रशस्तिपत्रक वाचल्यासारखं.

पण शर्ट आणि कंगवा ही वरची सजावट. खरी करामत दोऱ्याची.

वाड्यांवर कॅलेंडरं आहेत. किराणा दुकानदार देतात, देवांची चित्रं छान असतात, म्हणून भिंतीवर टांगतात. पण जगणं चालतं बाजारावर. गावचा आठवडी बाजार मंगळवारी. पंधराही वाड्यांतून प्रत्येक घरातलं कुणीतरी मिरची, मीठ, तेल न्यायला येतंच. म्हणून दगडोबानं पहिल्या वर्षी कोर्टातल्या बाबूचे एवढे पाय धरले की शेवटी तो बाबू त्याला पाहून पाय वर घेऊन बसू लागला. आणि आपल्या लोकांच्या तारखा होता होईल तेवढ्या बुधवारी लावून घेतल्या. मग प्रत्येकाच्या मनगटाला काळा दोरा. तारखेपर्यंत जितके बाजार, तितक्या गाठी. दर बाजाराला गाठ सोडायची. शेवटची गाठ ज्या बाजारात सुटेल, त्या दिवशी घरी जायचं नाही. लिंबाखाली यायचं, मुक्काम दगडोबाच्या घरी, भाकरी कावेरीबाईच्या हातची, आणि सकाळी कोर्ट. कावेरीबाई म्हणजे दगडोबाची बायको. "लोकांच्या घरी पाव्हणे येतात," ती म्हणायची, "आमच्या घरी मुद्देमाल येतो." पण पिठलं करताना हात आखडता घ्यायची नाही.

तीन वर्षांत त्याच्या माणसांची एकही तारीख चुकली नव्हती. एकही! मी तर मुलीच्या शाळेतल्या पालकसभेच्या चार तारखा चुकवल्या आहेत, आणि माझ्याकडं दोन मोबाईल आहेत.

आता माझा फॉर्म. बेचाळीस प्रश्न. त्यात दोऱ्याला जागा नव्हती. 'सूचना देण्याची पद्धत : लेखी / दूरध्वनी / संदेश', बस्स. मी 'इतर' असा चौकोन पेनानं काढला आणि त्याच्यापुढं 'गाठ' लिहिलं. शरणप्पा फोनवर म्हणाला, "गाठ म्हणजे काय? पुण्याच्या लोकांना काय दाखवू, करदोडा?"

लाभार्थींचं समाधानही मोजायचं होतं, एक ते पाच. पहिली लाभार्थी कस्तुराबाई. वय साठीच्या आसपास, नवरा कधीच गेलेला, मुलगी आदिलाबादकडं दिलेली, बोरतळ्याच्या वाडीत चार शेळ्यांसोबत एकटी राहणारी बाई. मोहाखालचा पाला पेटवून जंगल जाळल्याची केस तिच्यावर होती. मोहाची फुलं वेचायच्या आधी झाडाखाली साफ करावं लागतं. कुणी झाडतं, कुणी पाला पेटवतं. मार्चमध्ये कुणीतरी पेटवला आणि आग नव्या रोपवनात शिरली. वनरक्षक आले तेव्हा कस्तुराबाई हिरव्या फांदीनं आग झोडपत होती.

"समदे पळाले," ती मला म्हणाली, "म्या इझवत बसले, म्हून घावले. पळता आलं असतं तं माझ्यावर केस झाली नसती. गुडघ्यावर केस करा म्हणावं."

"मावशी, या केंद्राच्या कामाबद्दल तुम्ही किती समाधानी? एक ते पाच सांगा. पाच म्हणजे फार."

तिनं दगडोबाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "एकच द्या बाबा."

"एकच? का?"

"पाच लई होतात. एका तारखेत मिटू द्या."

बाहेर बसलेल्या नऊ जणांनीही तिचं ऐकून 'एक'च मागितला. एका कोलाम म्हाताऱ्यानं तर हात जोडून 'अर्धा' मागितला. त्या दिवशी माझ्या कागदावर दगडोबाची सेवा मराठवाड्यातली सर्वांत वाईट सेवा ठरली होती. मी खाडाखोड केली. दगडोबा हसून हसून त्या तीन पायांच्या टेबलावर रेलला आणि टेबल पडलं.

इथपर्यंत सगळं हसण्यासारखं होतं. हसण्यात माझा काही आठवड्यांचा काळ छान गेला. पुढचं लिहिताना माझी लेखणी जरा जड होते, तरी लिहितो.

बारा नोव्हेंबरला, बुधवारी, कस्तुराबाईला सतरा डिसेंबरची तारीख मिळाली. मधे पाच बाजार. दगडोबानं माझ्यासमोर तिच्या मनगटाला पाच गाठींचा दोरा बांधला. मीही हौसेनं माझ्या मनगटाला बांधून घेतला. कोर्टाच्या तारखेसारखी माझीही तारीख होती ना: त्याच आठवड्यात लातूरला देणगीदारांसमोर सादरीकरण.

आणि मग नगरपालिकेची निवडणूक आली. मतदान दोन डिसेंबरला, मंगळवारी. मतदानाच्या दिवशी बाजार बंद.

लातूरच्या माणसाला यात काय विशेष? एक दिवस भाजी नाही. पण दगडोबाचा चेहरा ती दवंडी ऐकून असा झाला की जणू महिन्यातून एक आठवडाच कुणी चोरून नेला. "सर, बाजार भरला न्हाई तं लोक गाठ सोडणार न्हाईत. एकेका वाडीला जाऊन सांगावं लागंल. पंधरा वाड्या हायेत."

तो निघालाच. भावाच्या मोटरसायकलवर अकरा वाड्या त्यानं केल्या. मतदान होऊन गेलं तरी चार राहिल्याच होत्या. बोरतळ्याची वाडी त्या चारांत होती.

तेव्हा मी त्याला थांबवलं.

शरणप्पाचा निरोप होता: तीन वर्षांची सगळी माहिती ठरलेल्या नमुन्यात हवी. कोण आलं, कधी आलं, वय, जमात, कलम, तारीख, परिणाम. दगडोबाच्या डोक्यात सगळं होतं. कागदावर काहीच नव्हतं. आठ डिसेंबरपासून मी त्याला खोलीत बसवलं. तो सांगे, मी लिही. मग माझं अक्षर गचाळ म्हणून मी विचारी, तो लिही. नऊ तारखेचा मंगळवार त्यातच गेला. एरवी दर मंगळवारी तो बाजारभर फिरून मनगटं तपासायचा. त्या दिवशी खिडकीतून त्याला बाजाराचा गलका ऐकू येत होता आणि तो तीनशे बारा नंबरच्या माणसाचं वय आठवत होता.

"सर, चार वाड्या राहिल्यात," तो म्हणाला.

"लातूरहून आल्यावर करा," मी म्हणालो. "हे झालं नाही तर केंद्रच राहणार नाही. मग वाड्या काय करणार?"

हे वाक्य मला तेव्हा फार शहाणपणाचं वाटलं होतं.

पंधराला आम्ही लातूरला गेलो. सतराच्या तारखेची माणसं थेट घरी मुक्कामाला येतील, कावेरीबाई त्यांना कोर्टात पोचवेल, असं मी दगडोबाला समजावलं होतं. सोळाला तालीम, सतराला सादरीकरण. दगडोबानं तो निळ्या पट्ट्यांचा शर्ट घातला होता. मी त्याला पिंजऱ्यात उभं राहायची तालीम उलट्या बाजूनं दिली: पाठ ताठ, हात मागं, विचारतील तेवढंच. देणगीदारांसमोर तो असा बोलला की दोन बायकांनी डोळे पुसले आणि एकानं दोऱ्याचा फोटो काढला. दार लावताना मी सगळ्यांना फोन बंद करायला सांगितले होते. दगडोबानंही केला. बाहेर आल्यावर त्यानं तो चालू केला, तर त्यावर अण्णाराव वकिलांचे सात फोन येऊन गेलेले.

अण्णाराव म्हणजे गरिबांच्या केसेस मोफत चालवणारे वकील. माणूस चांगला, पण एका दिवशी एवढ्या केसेस की कधीकधी स्वतःच्याच अशिलाच्या विरुद्ध बोलून बसत. कस्तुराबाईचं नाव तीनदा पुकारलं होतं. ती नव्हती. हजेरी माफीच्या अर्जात लिहायला त्यांच्याकडं कारण नव्हतं. पकड वॉरंट निघालं.

एकोणीस तारखेला सकाळी मी आणि दगडोबा बोरतळ्याच्या वाडीला पोचलो. कस्तुराबाई दारात शेळीच्या पायातला काटा काढत होती. दगडोबाला पाहून ती खूश झाली.

"आला का बाबा? ह्या मंगळवारच्या बाजाराला म्या लिंबाखाली बघून आले. तू नव्हता. म्हणलं, असंल कुठं कामात."

"मावशे," दगडोबा म्हणाला, "मंगळवारी बाजारात होतीस तू?"

"हाव की. मिरची आणली." तिनं मनगट पुढं केलं. दोऱ्याला एक गाठ शिल्लक होती. "अजून एक बाजार हाय. मधी एकदा बाजार भरलाच न्हाई, तं मी गाठ सोडली न्हाई. फसवेगिरी कामून करावी?"

तारखेच्या आदल्या दिवशी ती गावात होती. कोर्टापासून हाकेच्या अंतरावर लिंबाखाली उभी राहून, कुणी नाही म्हणून, हिशेबानं बरोबर घरी परत गेली होती. दगडोबा उकिडवा बसला आणि त्यानं ती गाठ स्वतःच्या नखांनी सोडली. सुटता सुटेना. मी दुसरीकडं पाहत होतो.

पोलिसांनी यायच्या आत आपण होऊन हजर झालं तर वॉरंट रद्द होतं, असं अण्णाराव म्हणाले होते. दुपारी आम्ही तिला कोर्टात उभं केलं. न्यायाधीश बाई तरुण होत्या, मुद्दाम कुणाचं वाईट करणाऱ्या दिसत नव्हत्या. अण्णारावांनी अर्ज दिला आणि सवयीनं बोलून गेले, "सतरा तारखेस आरोपीस तीव्र ताप होता. अंथरुणातून उठणं शक्य नव्हतं."

कस्तुराबाईनं पाठ ताठ केली. हात मागं घेतले. खाली पाहिलं नाही.

"न्हाई माय," ती मोठ्यानं म्हणाली, "ताप न्हाई आला. म्या धडधाकट हाय. आदल्या दिशी बाजारला आलते."

अण्णाराव तिच्याकडं वळून पाहत राहिले. न्यायाधीश बाईंनी चष्मा काढला.

"बाजारला आला होतात? मग दुसऱ्या दिवशी कोर्टात का नाही आलात?"

"एक गाठ ऱ्हायली व्हती."

"कसली गाठ?"

"बाजार भरला न्हाई एकदा. इलेक्शन व्हतं."

"बाजाराचा आणि तारखेचा काय संबंध?"

मागच्या बाकावरून दगडोबा उठला. "साहेब, मी सांगतो..." शिपायानं त्याला खाली बसवलं. तो परत उठला. तेव्हा शिपायानं त्याला बाहेर काढलं. तीनशे बारा माणसांना कोर्टात कसं वागावं हे शिकवलेल्या माणसाला कोर्टातून बाहेर काढताना मी पाहिलं. मी आत बसून होतो. मला बोलायला कुणी शिकवलं नव्हतं.

वकील एक सांगतो, आरोपी दुसरंच, आणि आदल्या दिवशी गावात असून आली नाही म्हणते. तिच्याच अंगठ्यावर दिलेला जुना जामीन जप्त झाला. नवा जामीनदार मिळेपर्यंत न्यायालयीन कोठडी, नांदेडला.

गाडीत बसताना कस्तुराबाईनं दगडोबाला विचारलं, "खरंच सांगायचं व्हतं न्हवं?"

"हाव मावशे," तो म्हणाला, "खरंच सांगायचं असतंय."

"मग शेळ्यायला पाणी दे."

जामीनदाराला सातबारा लागतो. बोरतळ्याच्या वाडीत कुणाकडंच सातबारा नाही. वनपट्टे, म्हणजे जंगलजमिनीच्या हक्काचे कागद, आहेत, आणि ते दाखवले की बाबू नकाराची मान हलवतो. दगडोबा दहा दिवस फिरला. चार शेळ्या त्यानं आपल्या घरी आणून बांधल्या. कावेरीबाई म्हणाली, "आता मुद्देमाल चार पायांवर येऊन राहिला," पण म्हणताना ती हसली नाही. दगडोबाचा आवाज बसला. ज्या आवाजानं कावळे उडायचे, त्यानं तो आता एवढं हळू बोले की मला वाकून ऐकावं लागे. मला एकदाही म्हणाला नाही की सर, तुम्ही थांबवलंत. म्हणाला असता तर बरं झालं असतं.

माझ्या नावावर गावाकडं तीन एकर आहेत. मी जामीनदार झालो. ऐपतीचा दाखला तलाठ्याकडून मंडळ अधिकाऱ्याकडं आणि तिथून तहसिलीत असा चालत गेला, गुडघे दुखणाऱ्या माणसासारखा, आणि तसाच परत आला. कस्तुराबाई सुटली त्या दिवशी तुरुंगाच्या दारात दगडोबानं तिचा भांग पाडला. तिचं मनगट रिकामं होतं. त्यानं पिशवीतून दोरा काढला, बोटांत धरला आणि परत पिशवीत ठेवला.

मी अहवाल लिहिला. बेचाळीस प्रश्नांना बाजूला सारून अकरा पानं लिहिली. तीन वर्षांत जी एक तारीख चुकली, ती दगडोबा आपल्या कामावर नव्हता, मूल्यमापनाच्या कामावर होता, म्हणून चुकली, हे त्यात पहिल्याच पानावर लिहिलं. शरणप्पाचा दोन दिवसांनी फोन आला. आवाजावरून तोही झोपलेला दिसत नव्हता.

"अरे, तू जामीन घेतलास?"

"घेतला."

"लाभार्थीचा?"

"कस्तुराबाईचा."

"मग तू तटस्थ कुठं राहिलास, बाबा? पुण्याच्या लोकांनी विचारलं तर मी काय सांगू?"

पुण्याच्या लोकांनी विचारलं. अहवाल बाद झाला, आणि दुसरा करायला त्या वर्षात वेळ उरला नव्हता. मार्चअखेरीस केंद्र बंद झालं. दगडोबा भोकरच्या एका जिनिंगवर कापसाच्या गाड्या आत-बाहेर सोडायचं काम करतो. कस्तुराबाईची केस चालू आहे. पुढची तारीख शुक्रवारची आहे.